राजासारखं वाटलं, म्हणजे काय वाटलं?

महालात मुक्काम केल्याची वर्णनं मराठीत हल्ली पुष्कळ वाचायला मिळतात. दिवाळी अंकांत असतात, रविवारच्या पुरवण्यांत असतात, आणि आमच्या महिला मंडळात कुणी जाऊन आलं की वाचूनही दाखवतात. उदयपूरचा लेक पॅलेस असो, जोधपूरचं उमेद भवन असो, नाहीतर आमच्या हैदराबादचा फलकनुमा असो, साचा एकच. कुठे नावेतून जायचं, कुठे घोडागाडीतून. मग पायऱ्यांवर गुलाबपाकळ्या, झुंबरं, संगमरवर, उंच पलंग, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: एका रात्रीपुरतं का होईना, राजासारखं वाटलं!

मला या वाक्याचा कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर कंटाळ्याहून थोडं जास्तच काहीतरी होतं ते वाचताना.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते, मीही राहून आले आहे. आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला लेकीनं आणि जावयानं फलकनुमात एका रात्रीची खोली घेऊन दिली. आदरातिथ्यात काही कमी नव्हतं. मी सूर्यास्ताआधी जेवणारी, कांदा-बटाटा न खाणारी बाई. पण त्यांनी कपाळाला आठी न घालता सगळं वेळेत वेगळं करून वाढलं. तेव्हा ही टीका हॉटेलवर नाही. आपण पाहुणे तिथून जी गोष्ट घरी घेऊन येतो आणि मग छापतो, तिच्यावर आहे.

मुळात फलकनुमा निजामानं बांधलाच नाही, ही पहिली गोष्ट बहुतेक लेखांत निसटते. पायगा घराण्यातल्या नवाब विकार-उल-उमरा यांनी 1884 मध्ये त्याचा पाया घातला. बांधायला नऊ-दहा वर्षं लागली, आणि त्यात नवाबसाहेब कर्जात गेले. शेवटी महाल सहाव्या निजामाकडे, मीर महबूब अली खान यांच्याकडे गेला. ते 1911 मध्ये वारलेही तिथंच. पुढे तो मुख्यतः बड्या पाहुण्यांसाठीच राहिला. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद येऊन गेले आणि त्यानंतर दारं जवळजवळ बंदच झाली. दुरुस्ती होऊन 2010 मध्ये हॉटेल उघडलं. म्हणजे ज्याला ‘राजासारखं’ वाटायचं तो राजा इथे राहिला किती, हाही प्रश्नच आहे. पाहुणचाराचंच घर ते. बांधणाऱ्याला झेपलं नाही असं घर. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण आमचे लेखक 101 माणसांच्या जेवणाच्या टेबलापाशी येतात, निजामाची खुर्ची कुठली ते विचारतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

त्या टेबलापाशी मला वेगळंच सुचलं, बायकी म्हणा हवं तर. 101 ताटांचं गरम अन्न इथवर यायचं कुठून? किती माणसं, किती पायऱ्या? उरलेलं अन्न कुणाला? आणि एवढी झुंबरं पुसायचं कोण? जनानखाना मागच्या बाजूला होता, एवढं एक वाक्य लेखात येतं. तिथल्या बायका या टेबलावर कधी जेवल्या का, हे कुणी विचारत नाही.

आणि आपण कोण? हैदराबाद संस्थानातले 16 पैकी पाच जिल्हे मराठी होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. माझे आजोबा परभणीकडचे. शेतसारा हाली सिक्क्यात भरायचे, शाळेत उर्दू शिकले, आणि दुकानाच्या वह्या मोडीत लिहायचे. आजी त्या राज्याला शेवटपर्यंत ‘मोगलाई’च म्हणायची. आजोबांना या टेकडीवर कुणी चढू दिलं असतं का? मग नातीनं गुलाबपाकळ्या झेलत ‘राजासारखं वाटलं’ म्हणावं, आणि मधलं सगळं एका ओळीतही येऊ नये, याला काय म्हणायचं? आनंद घ्यावा, जरूर घ्यावा. मीही घेतला. पण वाटलंच असेल काही, तर प्रजेच्या नातीला राजाच्या घरात कसं वाटलं ते लिहावं ना. ते जास्त खरं, आणि वाचायलाही जास्त गमतीचं.

याच्या उलट एक साचा आहे, तोही मला पटत नाही. निजाम म्हटलं की रझाकार, आणि विषय संपला. रझाकारांचे अत्याचार आमच्या घरांनी सोसलेत, ते कुणी पुसू नये. पण या शहरात महबूब अली पाशांची आठवण मायेनं काढणारी माणसं मी तीस वर्षं शेजारी पाहतेय. 1884 ची इमारत आणि 1948 ची दहशत एकाच वाक्यात कोंबली की दोन्हींपैकी एकही धड कळत नाही.

संध्याकाळी लवकर जेवण झाल्यामुळे मला एक निवांत तास मिळाला. बाकीचे पाहुणे नटण्यात होते. गच्चीवरून खाली जुनं शहर दिसत होतं, घरांना घरं चिकटलेली, दूर चारमिनार. पाणी घेऊन आलेल्या मुलाला कुठला म्हणून विचारलं तर नांदेडचा निघाला. मराठी ऐकल्यावर ‘मॅडम’चं लगेच ‘काकू’ झालं. म्हणाला, “गावात आजी विचारते, निजामाच्या वाड्यावर चाकरीला आहेस का रे? मी सांगतो, नाही गं, कंपनीत आहे. तिला काही फरक कळत नाही.” आमचे हे मोठ्यानं हसले. मला त्या आजीला भेटावंसं वाटलं.

इमारत वाचली ती हॉटेल झाल्यामुळे, हे मान्यच. याच शहरात कितीतरी देवड्या पडल्या, त्यांच्या जागी दुकानं आली. भाड्याच्या पैशांतून छत गळायचं थांबत असेल, तर माझं काही म्हणणं नाही.

मंडळातली एक मैत्रीण पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरला उषाकिरणमध्ये राहायला जातेय. ती शिंद्यांची जुनी पाहुण्यांची वास्तू, म्हणजे राजा आपला, मराठी. तिच्या माहेरचे पणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते. तिला म्हटलं, बाई, झुंबरांचं वर्णन आणू नकोस, आमच्याकडे भरपूर आहेत. जुनं स्वयंपाकघर कुठं होतं ते विचारून ये, आणि पणजोबा कुठल्या दारानं आत जात असतील, ते बघ.

“आणि ते दार आता बुजवलेलं असलं तर?” ती म्हणाली.

म्हटलं, तेच लिही.