मावणे, असणे आणि आशय

यशवंतपूरच्या रेल्वे-यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या कोणत्याही वाघिणीकडे पाहावे. तिच्या अंगावर दोन आकडे रंगविलेले आढळतात. एक तिच्या रिकाम्या वजनाचा. दुसरा, तिला किती भार वाहता येतो त्याचा. आज तिच्यात प्रत्यक्ष काय भरले आहे, हे मात्र तिच्यावर रंगविलेले नसते. ते रेल्वेच्या पावतीवर असते. कारण ते खेपेगणिक बदलते. किती मावते आणि आत काय आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे रेल्वेच्या रंगाऱ्यालाही ठाऊक असते. आम्हां लिहिणाऱ्यांना मात्र त्याचा वारंवार विसर पडतो, आणि इंग्रजी लिहावयास बसलो म्हणजे तर हटकून पडतो.

हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचे कारण नाही; तो आमच्याच हातून घडला. यशवंतपुरात आमच्या शेजारी एक कन्नड गृहस्थ राहतात. नोकरीतून निवृत्त झालेले आणि वाचनाचे व्यसनी. एका मराठी कवितासंग्रहात काय आहे ते आम्ही इंग्रजीत थोडक्यात लिहून द्यावे, अशी त्यांनी इच्छा दर्शविली. आम्ही मोठ्या उत्साहाने पानभर मजकूर लिहिला. ह्या पुस्तकात चाळीस कविता आहेत, त्यांत एका आईचे दुःख आहे, ग्रामीण जीवन आहे, नवी दृष्टी आहे, असा त्याचा सारांश होता. आणि ह्या प्रत्येक ‘आहे’साठी आम्ही ‘कन्टेन’ हे एकच क्रियापद वापरले होते. शेजाऱ्यांनी ते पान वाचले आणि शांतपणे विचारले, “म्हणजे पोत्यातून कांदे काढावेत तसे हे दुःख कवितेतून बाहेर काढता येते काय?” आमच्या वस्तीजवळच्या बाजार-आवारात महाराष्ट्रातला कांदा उतरतो, त्यामुळे दृष्टांत त्यांना दूर शोधावा लागला नाही. आम्ही मात्र निरुत्तर झालो.

पुढे विचार करता आम्हांस असे दिसून आले की, योग्य शब्द निवडण्याची कसोटी शेजाऱ्यांच्या त्या प्रश्नातच दडलेली आहे. आत जे आहे ते बाहेर काढून पाहावे, आणि मागे काय उरते ते तपासावे. ट्रंकेतील कपडे काढले तरी ट्रंक ट्रंकच राहते. तेथे ‘कन्टेन’ शोभते, आणि आतील वस्तूंना ‘कन्टेन्ट्स’ हे अनेकवचनही शोभते. ट्रंक आज रिकामी आहे, पण तिच्यात वीस साड्या बसतील, असे सांगावयाचे असेल तर ‘होल्ड’ अधिक बरे. कारण तो शब्द जे आहे त्याइतकाच जे मावू शकेल त्याच्याविषयीही बोलतो.

परंतु पाच सभासदांच्या समितीतून पाचही सभासद वजा केले तर मागे समिती नावाचे रिकामे भांडे उरत नाही. तेथे घटक आणि घटित असा संबंध आहे. ‘कन्सिस्ट’ आणि ‘कम्प्राइज’ हे शब्द अशा ठिकाणचे. त्यांतील पहिल्यास ‘ऑफ’ची जोड लागते, दुसऱ्यास ती देऊ नये, असा जाणत्यांचा कटाक्ष असतो. आपली राज्यघटना ह्या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. भारताच्या राज्यक्षेत्रात काय काय येते हे सांगताना पहिल्या अनुच्छेदाने ‘कम्प्राइज’ योजिले आहे. संसद राष्ट्रपती आणि दोन सभागृहे ह्यांची मिळून होते, हे सांगताना एकोणऐंशीव्या अनुच्छेदाने ‘कन्सिस्ट’ योजिले आहे. दोन्ही ठिकाणी यादी पुरी आहे. बाराव्या अनुच्छेदात मात्र ‘राज्य’ ह्या संज्ञेत कोणाकोणाचा समावेश होतो हे सांगताना ‘इन्क्लूड’ आले आहे. त्या शब्दाने यादी दिली जाते, पण दार लोटून घेतले जात नाही.

हा भेद केवळ व्याकरणाच्या वर्गातला आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी आमच्याच शहरातून उगम पावलेला एक खटला आठवावा. यशवंतपूरच्या नळांना ज्या संस्थेचे पाणी येते, त्या बेंगळूर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने काही कर्मचाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दंड करून रकमा वसूल केल्या. कर्मचाऱ्यांनी कामगार न्यायालयात दाद मागितली. मंडळाचे म्हणणे असे की, आम्ही नागरिकांना सेवा पुरवितो. आम्ही ‘उद्योग’च नव्हे, तेव्हा औद्योगिक कलहाचा कायदा आम्हांस लागू नाही. १९४७ च्या त्या कायद्यातील ‘उद्योगा’च्या व्याख्येचे दोन भाग होते. पहिला ‘म्हणजे’ असे सांगून मालकांच्या बाजूने व्यवसाय मोजणारा; दुसरा ‘समावेश होतो’ असे सांगून कामगारांच्या बाजूने तीच संज्ञा रुंदावणारा. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मंडळ हा उद्योग ठरविला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी तेथे जो व्यापक अर्थ मांडला, त्याने पुढे कितीतरी संस्थांतील कामगारांस त्या कायद्याचे छत्र मिळाले. निकाल केवळ एका क्रियापदावर लागला असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या शब्दात काय काय येते, ह्या प्रश्नावर माणसांचा पगार अवलंबून असतो, एवढे त्यावरून कळून यावे. फाइलीवर ‘समावेश’ आणि ‘मिळून’ ह्यांत गल्लत करणाऱ्या आमच्या अधिकारी मित्रांनी तेवढे तरी ध्यानी ठेवावे.

आता मराठीकडे वळू. इंग्रजी वाक्यात बहुधा भांडे कर्ता असते: ते धरते, बाळगते, आवरते. मराठीत वस्तूच कर्ता होते: दूध भांड्यात मावते. ‘कन्टेन’ला आवर घालण्याचा अर्थ चिकटलेला आहे. २०२० च्या साथीत ‘कन्टेन्मेन्ट झोन’ हा शब्द घरोघर पोहोचला, आणि आपल्या सरकारी मराठीने त्याचे ‘प्रतिबंधित क्षेत्र’ केले, ते त्या अर्थाला धरूनच. ‘मावणे’ ह्या शब्दात कोंडणे नाही, जागा मिळणे आहे. इंग्रजी माणसाला आपला आनंद आवरता येत नाही. मराठी माणसाचा आनंद गगनात मावत नाही. पहिल्या वाक्यात माणूस कमी पडतो, दुसऱ्यात आकाश. यशोदेने बाळकृष्णाच्या मुखात ब्रह्मांड पाहिले, तेथे ते मुखात ‘मावले’ असे आपण सहज म्हणतो. ‘कन्टेन’ घातले तर मुखाने ब्रह्मांडाला कुंपण घातल्यासारखे वाटेल. तेथे ब्रह्मांडाला त्या चिमुकल्या मुखात जागा सापडली, असेच इंग्रजीत फोडून सांगितले पाहिजे. मग एका शब्दाच्या जागी पाच शब्द लागले तरी चालतील.

ह्याहून नाजूक प्रश्न ‘आशय’ ह्या शब्दाचा आहे. मराठी समीक्षेत तो ‘कन्टेन्ट’चा प्रतिशब्द म्हणून रुळला आहे. पण मूळ संस्कृतात आशय म्हणजे जेथे काही पडून राहते ते ठिकाण. जलाशय, गर्भाशय, मूत्राशय ह्या शब्दांत तो अर्थ आजही जिवंत आहे. तेथून तो मनाकडे गेला, मनातून हेतूकडे आणि अभिप्रायाकडे. म्हणजे आतील वस्तूसाठी आपण जो शब्द पत्करला, तो मुळात भांड्याचा! ही चूक आहे असे आम्हांस वाटत नाही. काव्यात भांडे कोणते आणि भरण कोणते हे वेगळे दाखविता येत नाही, ह्या सत्याची ही भाषेनेच दिलेली साक्ष आहे, असे आम्ही समजतो.

बा. सी. मर्ढेकरांची ह्या संदर्भात आठवण होते. आकाशवाणीच्या नोकरीत असलेला आणि १९५६ साली दिल्लीत निधन पावलेला हा कवी आपल्या वाचकांच्याच जातीचा. १९३७ साली त्यांनी ‘आर्ट्स अँड मॅन’ इंग्रजीत लिहिले, आणि १९५५ साली त्यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ मराठीत आले. भावनात्मक अर्थ हेच साहित्याचे माध्यम, आणि संवाद, विरोध व समतोल ह्या नात्यांनी त्या अर्थांची जी रचना होते तिच्यात सौंदर्य, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वांशी मान्य करो वा न करो, तिचा एक उपकार मानलाच पाहिजे: तिने भांड्याचा दृष्टांत मोडीत काढला. अर्थ हेच जर माध्यम असेल, तर तो शब्दांच्या डब्यात भरून ठेवलेला पदार्थ नव्हे.

शेजाऱ्यांच्या पानाचे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. चाळीस कवितांसाठी आम्ही ‘कन्टेन’ तसेच ठेवले. कविता मोजता येतात आणि संग्रहातून वेगळ्या काढता येतात. ग्रामीण जीवनासाठी ‘इन्क्लूड’ घातले. कारण विषयांची आमची यादी अपुरी होती, आणि ती तशी असल्याचे कबूल करणे प्रामाणिकपणाचे होते. आईच्या दुःखासाठी ‘एम्बॉडी’ लिहिले. ते त्या कवितांत ठेवलेले नाही, त्या कविताच त्याचा देह आहेत. ‘नवी दृष्टी’ मात्र आम्ही खोडून टाकली. तिच्यासाठी शब्द शोधू लागलो तेव्हा कळले की, ती कवितांत नव्हती. परिचय लिहिणाऱ्याच्या सवयीत होती.

शेजाऱ्यांनी नवे पान वाचले आणि एकच कन्नड शब्द उच्चारला: ‘हिडिसितु’. ‘हिडि’ म्हणजे धरणे. त्यावरून आलेल्या ह्या क्रियापदाचा अर्थ मावणे असा होतो, आणि मनाला भावणे असाही होतो. दोहोंपैकी कोणता अर्थ त्यांच्या मनात होता, हे आम्ही विचारले नाही.