गिरण्यांची रूपांतरे

‘रूपांतर’ हा शब्द आम्हा मराठी वाचकांस मुख्यतः रंगभूमीने परिचित करून दिला. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ह्या दोन्ही नाटकांतून शेक्सपिअर मराठी वेषात आमच्यापुढे उभा राहिला. आणि तेव्हापासून भाषांतर, रूपांतर व निव्वळ उचलेगिरी ह्यांतील भेद कोणता, ह्याविषयी आमच्या टीकाकारांनी पुष्कळ ऊहापोह केला. पात्रांची नावे बदलली, व्हेनिसच्या ठिकाणी दुसरे गाव आले, अंगरखे व पागोटी आली, तरी त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. परंतु ‘ऑथेल्लो’च्या रूपांतरातून मत्सरच काढून टाकला आणि शिल्लक उरलेल्या सुखी संसारास त्याच नाटकाचे नाव दिले, तर त्यास रूपांतर म्हणावयास कोणताही सुज्ञ वाचक तयार होणार नाही.

हा शब्द आता इमारतींच्या व्यवहारात सर्रास वापरला जातो. बंद पडलेल्या गिरणीचे ‘अद्ययावत निवासी संकुलात रूपांतर’ झाले, असे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो व पान उलटतो. साहित्याच्या टीकाकाराने स्थापत्यात व नगररचनेत लुडबूड का करावी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, शब्द आमच्या घरचा आहे. तो जेथे नेला असेल तेथे त्याचा अर्थ शाबूत आहे की नाही, एवढे पाहण्याचा आम्हांस खात्रीने अधिकार आहे.

रूपांतराच्या कसोट्या स्थूलमानाने तीन सांगता येतील. मूळ कृतीचा सांगाडा नव्या कृतीत ओळखू यावा, ही पहिली. नवी कृती नव्या भूमीत स्वतःच्या बळावर जगावी, नुसते जुन्याचे स्मारक होऊन राहू नये, ही दुसरी. आणि मूळ कर्त्याचे ऋण उघडपणे मान्य केलेले असावे, ही तिसरी. ह्या तीन कसोट्या आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांतातील सर्वांत विख्यात गिरणीस प्रथम लावून पाहू.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास ह्या भागातील सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक आहेच; तरी त्यातील काही गोष्टी प्रस्तुत विवेचनासाठी पुन्हा सांगणे अवश्य आहे. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. वर्धेच्या खोऱ्यातील कापूस मुंबईमार्गे विलायतेस जातो आणि कापड होऊन परत येतो, ही गोष्ट जमशेटजी टाटांनी पाहिली होती. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी काढावी, ह्या विचाराने त्यांनी १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ‘हा गृहस्थ सोने जमिनीत पुरतो आहे’ असे म्हणून एका स्थानिक सावकाराने पैसा देण्याचे नाकारले. आणि पुढे त्याच सावकाराने ‘त्यांनी माती घातली व सोने काढले’ अशी कबुली दिली, अशी आख्यायिका आहे. सुमारे तीस हजार चात्या व साडेचारशे माग घेऊन गिरणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’. रिंग चात्यांचे प्रयोग आपल्या देशात अगदी आरंभी जेथे झाले त्यांत ह्या गिरणीची गणना होते. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, तोही येथेच. कोष्टी व महार समाजांतील हजारो कुटुंबांचा संसार तिच्या भोंग्यावर चालला. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी तिच्या दारात कामगारांची चळवळ उभी केली. शंभरांहून अधिक वर्षांनी, १९८६ च्या सुमारास, ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर पुढे ‘एम्प्रेस’ हेच नाव धारण करणारे मोठे व्यापारी संकुल व उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या.

आता कसोट्या लावू. गिरणीतून राहिले काय? नाव राहिले. ज्या राणीच्या पदवीवरून ते नाव पडले होते, ती पदवी इंग्लंडच्या राजानेच १९४८ मध्ये सोडून दिली. साम्राज्य गेले, पदवी गेली, माग थांबले, कामगार पांगले. आणि ह्या सर्वांतून जगण्यास योग्य म्हणून निवडले गेले ते एका सम्राज्ञीचे विशेषण. त्या जागेवर सव्वाशे वर्षे सूत काढणाऱ्यांचे नाव सदनिकांच्या विक्रीस उपयोगी पडले नसते, हे खरे. पण ह्या निवडीवरूनच नव्या कर्त्याने मूळ कृती कशी वाचली हे कळून येते. त्याने मुखपृष्ठ तेवढे वाचले.

ह्यावर एक आक्षेप येईल व तो हलका लेखता येणार नाही. शहरात माणसे वाढली, त्यांस घरे पाहिजेत. दातेरी छपरांच्या, उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या त्या प्रचंड शेडी यंत्रांसाठी बांधलेल्या होत्या. त्यांत बिऱ्हाडे कशी करावी? शिवाय ज्यांनी त्या शेडींत आयुष्य काढले त्यांस तरी त्यांची एवढी माया का असावी? कापसाचा पिंजर छातीत जाऊन जडलेला खोकला, रात्रपाळी, दमट उकाडा, मुकादमाची शिवी, हे सर्व ज्याने सोसले तो ‘धुराडे राखा’ म्हणून हट्ट धरीत नाही. तो ‘मला घर द्या’ म्हणतो. जुन्या भिंतींवरील प्रेम ही पुष्कळदा त्या भिंतींआड कधी न राबलेल्या आमच्यासारख्यांची हौस असते.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण तो जेथे नेऊ पाहतो तेथे मात्र जात नाही. जुन्या इमारतीत घरे होऊच शकत नाहीत असे नाही. व्हिएन्ना शहरात १८९६ ते १८९९ ह्या काळात बांधलेल्या चार अजस्र गॅसटाक्या निरुपयोगी झाल्या, तेव्हा त्यांच्या विटांच्या वर्तुळाकार भिंती तशाच ठेवून आत सुमारे सहाशे सदनिका करण्यात आल्या. २००१ पासून तेथे माणसे राहत आहेत. अमेरिकेतील लॉवेल हे तर आमच्या विषयाच्या अधिकच जवळचे गाव. ते कापसाच्या गिरण्यांसाठीच वसले. १९७८ मध्ये तेथील गिरण्यांचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जाहीर झाला. बूट मिल नावाच्या गिरणीच्या आवारात एकीकडे लोकांची राहती घरे आहेत, तर दुसरीकडे एका दालनात जुने माग प्रत्यक्ष चालवून दाखविले जातात. ह्याच गावातील गिरणीत राबणाऱ्या मुलींनी १८४० मध्ये ‘लॉवेल ऑफरिंग’ नावाचे स्वतःचे मासिक काढले होते, आणि त्या मुलींची कथा आज तेथे येणाऱ्यास आवर्जून सांगितली जाते. सांगाडा, जीवन व ऋण ह्या तिन्ही कसोट्यांस उतरणारे उदाहरण हवे असल्यास ते हे होय.

केवळ सांगाडा राखल्याने मात्र काम भागत नाही, हे लंडनच्या बॅटर्सी वीजघरावरून दिसते. १९८३ मध्ये बंद पडलेले ते वीजघर २०२२ मध्ये घरे, कचेऱ्या व दुकाने घेऊन पुन्हा उघडले. त्याची चारही सुप्रसिद्ध धुराडी पाडून हुबेहूब पुन्हा बांधली, एवढी निष्ठा दाखविली गेली. परंतु २०१७ मध्ये त्याच योजनेतील परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणली गेली. धुराड्यांच्या बाबतीत जी निष्ठा होती ती माणसांच्या बाबतीत अपुरी पडली.

आता मुंबईकडे वळू. कारण गिरणीच्या जमिनीचा प्रश्न जेवढ्या मोठ्या प्रमाणावर तेथे उभा राहिला तेवढा आपल्या देशात अन्यत्र क्वचितच राहिला असेल. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि पुढील शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा ह्या भागांत गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यानंतर ते गिरणगाव पूर्वपदावर कधीच आले नाही. उरली ती सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीने ह्या जमिनीची वाटणी ठरविली होती: एक तृतीयांश शहरास मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी व एक तृतीयांश मालकास. २००१ मध्ये ह्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ ‘मोकळ्या जमिनी’ची करावयाची असे ठरले. गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जमीन ह्या शब्दांत येते की नाही, ह्यावर पुढे सारा वाद झाला. येते, असे उच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले. येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये निर्णय दिला. ज्या आवारात शेडी दाटीने उभ्या होत्या तेथे शहराच्या व गरिबांच्या वाट्यास येणारा तुकडा अगदी लहान झाला. पाठभेदाने काव्याचा अर्थ पालटतो असे आम्ही वर्गात शिकवितो. एका विशेषणाच्या अर्थाने एका शहराची मैदाने जातात, हे ह्या प्रकरणाने दाखविले. पुढे २०१२ मध्ये गिरणीकामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली, त्यानंतरही काही निघाल्या. परंतु घरासाठी अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस होते दीड लक्षाच्या जवळपास. ऋण मान्य झाले, फेड मात्र फारच अल्प झाली.

विटांनी जे राखले नाही ते मराठी साहित्याने काही अंशी राखले, ही समाधानाची गोष्ट होय. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ (१९३३) ह्या कादंबरीत गिरणीकामगाराचे जग मध्यमवर्गीय वाचकांच्या घरात आणले. ज्यास एका गिरणीकामगाराने पदरात घेऊन वाढविले त्या नारायण सुर्व्यांनी ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मधून त्या जगाची भाषा काव्यात आणली. आणि जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक तर संपानंतरच्या एका चाळीतील खोलीत घडते. कर्तबगार पिढीची गिरणी गेल्यावर तिच्या मुलांच्या हाती काय राहिले, हे त्यात कोणताही आक्रोश न करता दाखविले आहे. त्यांच्या ज्या कथासंग्रहास पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला त्याचे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हे नाव वाचताच परळच्या त्याच नावाच्या गिरणीची आणि तेथे झालेल्या झगमगत्या बाजाराची आठवण कोणास होणार नाही? तथापि नागपूर, हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर येथील गिरण्यांच्या वाट्यास असे वाङ्मय तुलनेने फारच थोडे आले. मुंबईची गिरणी गेली तरी तिची कथा ग्रंथांत सापडेल. आमच्याकडे इमारत गेली की बहुतेक सर्वच गेले. म्हणूनच आमच्या प्रांतात ह्या रूपांतरांकडे अधिक डोळसपणे पाहिले पाहिजे.

आर्वीसारख्या गावास ह्या चर्चेशी काय कर्तव्य, असे येथील वाचकांनी मनात आणू नये. कापड गिरणीत विणले जाते, पण त्याचा आरंभ येथे होतो. पहाटेपासून बाजारात लागणाऱ्या कापसाच्या गाड्या, जिनांत रुई व सरकी वेगळी होणे, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जाणे आणि १९१७ पासून पुलगावपर्यंत धावणारी ती लहान रुळांची गाडी, ही सर्व एम्प्रेस मिलच्याच कथेची पहिली प्रकरणे होत. ती लहान गाडी आता धावत नाही. ज्या ज्या गावी जुन्या जिनाचे आवार वस्तीने वेढले गेले, तेथे आज ना उद्या ले-आउट पाडण्याचा व इमले उठविण्याचा प्रश्न येणारच. आणि तो आला म्हणजे नगरपरिषदेच्या सभेत तो भावाचा व चौरस फुटांचा प्रश्न म्हणूनच मांडला जाईल.

तेव्हा नागरिकांनी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. तोलकाट्याची खोली, एखादी मजबूत शेड, दगडी दरवाजा, ह्यांपैकी काय ठेवून त्याचा वापर करता येईल? नवी घरे ज्यांच्यासाठी बांधली जात आहेत त्यांत जिनावर राबलेल्या हमालांचे व बायांचे एखादे तरी कुटुंब बसते काय? गावाचा म्हणून मोकळा तुकडा किती राहतो, आणि तो नकाशावर कोणत्या शब्दांत लिहिला आहे? आणि शेवटी, तेथे काम केलेल्यांची हजेरीपुस्तके, पगारपत्रके, छायाचित्रे रद्दीत जाण्यापूर्वी गावच्या वाचनालयाने ताब्यात घेतली काय? ह्यांतील एकाही गोष्टीमुळे घरबांधणी अडत नाही. किंबहुना ह्या गोष्टी झाल्या तरच नव्या बिऱ्हाडकरूंस आपण कोणाच्या जागेत राहतो हे कळेल, आणि त्या घरांस गावाचा पाया लाभेल.

उत्तम रूपांतरकार मूळ नाटक कोणाचे, हे मुखपृष्ठावर छापतो. त्यामुळे त्याची स्वतःची प्रतिष्ठा कमी होत नाही. जमिनीवर लिहिणाऱ्यांनीही निदान एवढी रीत पाळावी, अशी मागणी करण्यास साहित्याच्या अभ्यासकांनी मुळीच संकोच करू नये.