रँडॉल्फ स्कॉट : उतारवयात उमगलेला नायक

वेस्टर्न चित्रपट म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांना जॉन वेन आठवतो, नाहीतर क्लिंट ईस्टवूड. रँडॉल्फ स्कॉटचं (१८९८-१९८७) नाव सहसा कोणी घेत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचे सुरुवातीचे चित्रपट पाहून कोणी घ्यावं असंही नाही! 'शी' (१९३५), 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१९३६) या साहसपटांत तो उंचापुरा, देखणा दिसतो. पण प्रेमप्रसंग असो की मारामारी, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पुढे तो फक्त वेस्टर्नच करू लागला, तेही बरेचसे एकाच साच्यातले.

१९५६ साली 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ'च्या निमित्ताने दिग्दर्शक बड बोटिकर आणि पटकथाकार बर्ट केनेडी यांच्याशी त्याची गाठ पडली. स्कॉट तेव्हा ५८ वर्षांचा. बोटिकरने त्याला अभिनय शिकवण्याच्या भानगडीत न पडता तो निर्विकार चेहराच कामाला लावला.

'राइड लोनसम' (१९५९) पाहा. स्कॉटचा ब्रिगेड एका खुनी पोराला पकडून सांताक्रूझला नेतो आहे, पण रमतगमत, उघड्या माळावरून. त्याला खरा हवा आहे पोराचा थोरला भाऊ फ्रँक, ज्याने पूर्वी सूड म्हणून ब्रिगेडच्या बायकोला फासावर लटकवलं होतं. फ्रँक ती गोष्ट जवळजवळ विसरूनही गेला आहे. ब्रिगेडजवळ तेवढीच एक गोष्ट उरली आहे. हे दुःख सांगताना स्कॉट आवाजही चढवत नाही. इथे दुसरा कोणी गुणी नट असता तर रडून मोकळा झाला असता. (शेवटी त्या झाडाचं काय होतं, ते मुद्दाम सांगत नाही.)

या चित्रपटांतले खलनायक मात्र बोलघेवडे, लाघवी. 'द टॉल टी'मधला (१९५७) रिचर्ड बून तर नायकापेक्षा जास्त भाव खाऊन जातो, आणि स्कॉट त्याला खुशाल खाऊ देतो. एक गोष्ट खटकते : 'कोमांची स्टेशन'मध्ये (१९६०) मूळ रहिवासी हे केवळ बाण मारणारं संकट आहेत, माणसं नव्हेत.

'राइड द हाय कंट्री' (१९६२) हा सॅम पेकिनपाचा चित्रपट. जोएल मॅक्रीचा म्हातारा स्टीव्ह कमालीचा सचोटीचा, तर स्कॉटचा गिल त्याच्याच ताब्यातलं सोनं लांबवायला निघालेला जुना मित्र. इतक्या वर्षांनी तो चेहरा मिस्कील हसतो, लबाडी करतो, लाजतोही! त्यानंतर स्कॉट पुन्हा पडद्यावर आला नाही.

बोटिकरच्या बऱ्याच चित्रपटांचं चित्रण कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खडकांत झालं. ३९५ हायवेने जाताना माउंट व्हिटनीच्या पायथ्याशी ते लागतात. चित्रपट जेमतेम सव्वा-सव्वा तासाचे आहेत. सुरुवात 'द टॉल टी'पासून करावी.