माकडी, खील, खुंटा

जातं म्हटलं की आपल्याला आधी ओवी आठवते, आणि ओवी आठवली की दगड बाजूला राहतो. इथे मला दगडापासून सुरुवात करायची आहे. त्याहूनही नेमकं सांगायचं तर दगडाच्या आत बसणाऱ्या त्या दोन-तीन लहान वस्तूंपासून, ज्यांच्याशिवाय जातं हा नुसता जड गोल धोंडा असतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरताना जाती जागोजाग दिसतात. कुठे तुळशीवृंदावनाच्या पायाशी, कुठे पडवीच्या कोपऱ्यात, कुठे नव्या बंगल्याच्या फाटकापाशी शोभेला. वरची तळी वेगळी, खालची वेगळी. वाकून पाहिलं की मधलं भोक मोकळं असतं. खील गंजून गेलेली किंवा उपटलेली, माकडी कधीच जळणात गेलेली, खुंट्याच्या जागी माती भरलेली. दगड टिकला, पण त्याचे सुटे भाग गेले. माझ्या मते जात्याची सगळी कलाकुसर त्या गेलेल्या भागांतच होती.

जातं मधून कडेकडे वाचत जावं. खालची तळी स्थिर. तिच्या मध्यावर लोखंडाची खील ठोकलेली. वरच्या तळीला मधोमध तोंड, म्हणजे धान्य टाकायचं भोक. या तोंडात आडवी बसवलेली लाकडी पट्टी म्हणजे माकडी. माकडीच्या पोटात एक लहानसं छिद्र, आणि खिळीचं टोक त्या छिद्रात. वरचा सगळा दगड या एका टोकाभोवती फिरतो. एवढा भार, रोज पहाटे तासन् तास, आणि तो तोलून धरायला बोटभर लोखंड व वीतभराहून लहान लाकूड.

इथे लाकूडच का, हा प्रश्न विचारला की करणाऱ्याची बुद्धी दिसते. लोखंडाशी थेट दगड घासला असता तर दगडाचं भोक रुंदावत गेलं असतं, तळी डगमगली असती आणि सबंध जातं वाया गेलं असतं. म्हणून मधे लाकूड घातलं. झीज होणार हे आधीच मान्य केलं आणि ती कुठे व्हावी याची जागा ठरवून दिली. माकडी झिजते, कारण तिने झिजायचं असतं. ती झिजली की सुतार तासाभरात दुसरी करून देतो आणि दगड आणखी एक पिढी चालतो. शिवाय माकडी तोंडाच्या मधोमध आडवी असल्याने वैरणीचे, म्हणजे तोंडात टाकलेल्या धान्याचे, दोन भाग होतात. मूठभर दाणे तिच्या दोन्ही अंगांनी उतरतात आणि पीठ सगळ्या बाजूंनी सारखं पडतं. एवढ्याशा लाकडाकडून दोन कामं करून घेतलेली आहेत.

खुंटा मात्र मध्यापासून दूर, काठाजवळ. तिथे धरून ओढलं की कमी जोरात दगड फिरतो, हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठरलेलं. तो कायमचा चिकटवलेला नसतो, ठोकून घट्ट बसवलेला असतो. सैल झाला की चिंधी किंवा लाकडाची चीप घालून पुन्हा ठोकायचा, मोडला तर बदलायचा. त्याची उंची अशी की दोन बायका समोरासमोर बसल्या तर चारही हात त्यावर येतात. एकीने ओढायचं, दुसरीने तिच्याकडे सोडायचं. हाताच्या घामाने आणि पिठाने जुना खुंटा इतका गुळगुळीत होतो की तसं पॉलिश कुठल्याही रंध्याने येत नाही.

आता दोन दगडांची तोंडं. ती सपाट असतात असं वाटतं, पण चांगल्या जात्यात खालची तळी मधे किंचित उंच आणि वरची तितकीच, खरं तर किंचित जास्त खोलगट असते. त्यामुळे खिळीपाशी फट मोठी राहते आणि कडेकडे ती कमी होत जाते. दाणा आधी मधे येतो, तिथे त्याला आत शिरायला जागा हवी. मग तो फुटतो, फुटलेला तुकडा बाहेर सरकतो, आणखी बारीक होतो आणि काठापर्यंत पोचतो तेव्हा पीठ झालेला असतो. कबीराच्या चक्कीची गोष्ट आपल्याकडे कीर्तनातून सांगतात: दोन तळ्यांमधून कुणी सुटत नाही, पण जो दाणा खिळीला धरून राहिला तो वाचतो. भक्तीचा दृष्टान्त म्हणून आपण तो ऐकतो आणि मान डोलावतो. पण तो यंत्राच्या दृष्टीनेही शब्दशः खरा आहे. दळण झाल्यावर वरची तळी उचलून पाहा, खिळीलगत अख्खे दाणे सापडतात. ज्याने हा दृष्टान्त पहिल्यांदा दिला त्याने जातं उघडून पाहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही. चांगली प्रतिमा अशी वस्तूच्या पोटातून निघते.

जाडं-बारीक ठरवायची सोयही याच खिळीवर. डाळ भरडायची असेल, कण्या काढायच्या असतील, तर खिळीभोवती चिंधीचं कडं घालायचं. वरची तळी केसभर उचलली जाते आणि पिठाऐवजी भरडा पडतो. चिंधी काढली की पुन्हा पीठ. या दोन तालुक्यांना या सोयीची गरज जास्तच. पश्चिमेला घाटघर, आहुपे या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई. पूर्वेला आणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी या कोरड्या भागात बाजरी आणि ज्वारी. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, गोल, निसटणारा. बाजरीचा टोकदार आणि तेलकट. वाल, तूर, हरभरा भरडायचे ते वेगळेच. दगड तेच, पण हात आणि चिंधी बदलली की काम बदलतं.

बाजरीचा तेलकटपणा हा इथला महत्त्वाचा मुद्दा आहे. दाण्यात स्निग्धांश बराच असल्याने दळल्यावर पीठ फार दिवस राहत नाही, त्याला कडवट वास येतो आणि भाकरी खावीशी वाटत नाही. अख्खा दाणा कणगीत महिनोन् महिने टिकतो, पीठ चार-सहा दिवसांत उतरतं. म्हणून बाजरीच्या मुलखात रोज दळावं लागे. पहाटेच्या दळणाच्या मुळाशी रिवाज होता तशी ही चवही होती.

हीच गोष्ट आज शहरातला कॉफीवाला सांगतो. भाजलेली बी आठवडे टिकते, दळलेली पूड काही मिनिटांतच सुगंध सोडू लागते. म्हणून एस्प्रेसोच्या यंत्राशेजारी ग्राइंडर असतोच आणि प्रत्येक कपासाठी तेव्हाच दळलं जातं. पुण्यात एकदा दुरुस्तीसाठी उघडलेला असा ग्राइंडर पाहायला मिळाला. आत दोन पोलादी चकत्या समोरासमोर. एक स्थिर, एक फिरती. मधे तोंड, तिथे मोठे खोल दात, बी फोडण्यासाठी. कडेकडे दात बारीक आणि फट अरुंद. पूड काठावरून बाहेर. या चकत्यांना ते लोक बर म्हणतात. माझ्यासमोर जातं होतं, फक्त चौसष्ट मिलिमीटरचं. चिंधीच्या कड्याच्या जागी आट्यांचं कडं, जे फिरवून फट कमी-जास्त करता येते.

तिथे फटीचं महत्त्व तर आणखी वाढलेलं. एस्प्रेसोत साधारण 9 बार दाबाचं पाणी पुडीच्या घट्ट थरातून पंचवीस-तीस सेकंदांत जायला हवं. पूड जरा जाड झाली की पाणी धावत सुटतं आणि कॉफी पाणचट, आंबट होते. जरा बारीक झाली की थेंब अडतात आणि कडू. बरची धार गेली की पूड एकसारखी पडत नाही, मग मशीन कितीही महागाचं असो, उपयोग नाही. म्हणून जाणता कॉफीवाला मशीनच्या आधी बर बदलतो. मशीनमध्येही तेच. जिथे मूठ अडकवतात तिथे रबराचं एक कडं, म्हणजे गास्केट, असतं. उष्णतेने ते कडक होतं आणि कडेने पाणी गळू लागतं. दोन बोटांत मावणारं हे कडं बदललं की सगळं पूर्ववत. इटलीच्या फाएमा कंपनीने 1961 साली काढलेल्या ई-61 या मशीनचा पुढचा भाग इतका विचारपूर्वक केलेला होता की आजही अनेक कंपन्या त्याच घडणीची मशीनं करतात, आणि त्याचे सुटे भाग बाजारात मिळतात. साठ वर्षांहून जास्त काळ एका यंत्राची गास्केटं मिळत राहणं ही माझ्या लेखी मोठ्या कलाकृतीची खूण आहे. करणाऱ्याने झिजणारा भाग वेगळा ठेवला, तो काढता येईल असा ठेवला, आणि पुढच्या माणसावर विश्वास ठेवला.

जात्याचे सुटे भाग मात्र दुकानात मिळत नसत. खुंटा आणि माकडी सुताराकडची, सहसा बाभळीची. खील लोहाराकडची. दगडाची धार पाथरवटाकडची. त्यातले पहिले दोघे गावातच, बलुत्यावर. तिसरा फिरता. वडार, टाकारी असे लोक गावोगाव हिंडत, दारात आरोळी देत आणि जात्याला टाकी लावून धान्य घेऊन पुढे जात. दळून दळून तळीचं तोंड गुळगुळीत होतं, मग धान्य फुटण्याऐवजी घसटतं, पीठ गरम निघतं, हात भरून येतात. टाकी लावायची म्हणजे छिन्नीने त्या तोंडावर जवळजवळ, सारख्या खोलीचे घाव घालायचे. फार खोल गेले तर पीठ जाडं, फार उथळ तर महिन्याभरात पुन्हा गुळगुळीत. टाकी लावल्यावर पहिलं दळण माणसांसाठी नसे. आधी कोंडा दळून कच काढून टाकायची, नाहीतर भाकरीत कचकच. नवी बर बसवल्यावर कॉफीवालाही पहिली पूड फेकून देतोच.

हा दगड इथलाच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. त्याच दगडात जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरीवर दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. अर्धवट राहिलेल्या भिंतींवर छिन्नीचे ओळीने घातलेले घाव अजून दिसतात. त्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सातवाहन काळातल्या वसाहतींच्या उत्खननांत फिरती जातीही मिळालेली आहेत. म्हणजे या मुलखात छिन्नी, धान्य आणि फिरता दगड यांची सोबत सुमारे दोन हजार वर्षांची. लेण्यातल्या घावांकडे आपण इतिहास म्हणून पाहतो. जात्यावरचे घावही त्याच हाताचे आहेत, ते आपण पाहत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि आता ओवी. ती शेवटी आणली, कारण यंत्र कळल्याशिवाय तिची चाल नीट कळत नाही. पुणे जिल्ह्यातली जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. ओळ लांब, मधे श्वास घ्यायला जागा ठेवलेली. गाणारी एक ओळ म्हणते, तीच वळवून पुन्हा म्हणते, समोरची तिला झेलते. एकीचा दम सुटतो तिथे दुसरीचा सुरू होतो, खुंटा जसा एकीच्या हातातून दुसरीकडे जातो तसाच. मधे मूठ भरून वैरण टाकायची असते, तेव्हा सूर लांबवला जातो, शब्द थांबतात. कागदावर छापलेल्या ओवीत हा थांबा दिसत नाही, आणि मग ती अपुरी, विस्कळीत वाटते. प्रत्यक्षात ती मोजून-मापून बसवलेली असते.

ओव्यांतली बाई जात्याशी बोलते ते देवाशी आणि माणसाशी बोलावं तसं. पहिल्या ओव्या देवांच्या. मग जात्यालाच ईश्वर म्हणून हाक, त्याला मनातलं सांगणं. दगड जड आहे हे ती लपवत नाही, आणि आपल्या मनगटातलं बळ आईच्या दुधाचं आहे हे अभिमानाने सांगते. दळण संपत आलं तरी संपलं असं उघडं म्हणायचं नाही, सुपात चार दाणे उरले असं म्हणायचं. या सगळ्यात तक्रार आहे, माहेर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे. जनाबाईबरोबर दळायला बसलेला विठ्ठलही याच खुंट्याला हात लावतो. खानदेशात बहिणाबाई चौधरींनी घरोटावर, म्हणजे जात्यावरच, कविता केली तीही दळणाऱ्या हातातूनच. मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती लक्ष देण्याची रीत. जी बाई जात्याचा बदललेला आवाज ऐकून माकडी सैल झाली हे ओळखते, तीच बाई सासरच्या माणसाच्या बदललेल्या स्वराची ओवी करते. दोन्हीकडे कान एकच.

या ओव्या वाचल्या त्या काही माणसांमुळे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातल्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतर्फे एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली. पुढे हा ठेवा ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने लोकांसमोर आणला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या होत्या त्याच्याही आधी. शब्द असे जपले गेले. खील आणि माकडी कुणी जपली नाही.

आता गावोगाव विजेची गिरणी आहे. तिच्या दगडांना गिरणीवाला अजून टाकी लावतो, त्या दिवशी दळण उशिरा मिळतं. घरघंटी आली तिच्यात मात्र दगडच नाही. पाती दाणा आपटून फोडतात आणि जाळीतून पीठ गळतं. ते घासून दळणं नव्हे, आणि पिठाचा पोत वेगळा लागतो असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका बरोबर सांगतात. लग्नाच्या आधी हळद दळायला मात्र जातं अजून बाहेर निघतं. त्याला धुतात, खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, सवाशिणी जोडीने बसतात. कित्येक घरांत त्या दिवशीच लक्षात येतं की दगड फिरत नाही, मग शेजारचं जातं मागून आणतात.

जुन्नर-आंबेगावात, किंवा कुठेही, तुमच्या दारात असं जातं पडलेलं असेल तर एक करा. ते कारंज्यासाठी किंवा फरशीत बसवण्यासाठी देऊन टाकू नका. गावच्या सुताराकडून बाभळीची माकडी आणि खुंटा करून घ्या, खील नसेल तर लोहाराकडून ठोकून घ्या. टाकी लावणारं कुणी अजून फिरत असेल तर त्याला दारावरून परत पाठवू नका, आणि पैसे देताना घासाघीस करू नका. मग आधी कोंडा, आणि नंतर पावशेर बाजरी दळून पाहा.