शून्य ते शंभरचे वेड

अलीकडे मोटारींविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतांश मजकूर शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणाऱ्या सेकंदांची जमाबंदी करण्यातच खर्ची पडतो. आणि महिंद्रांची विजेवर चालणारी बीई 6 हा टप्पा 6.7 सेकंदांत गाठते, या एका तपशिलावर आमच्या रसिकांनी जो उत्सव मांडला आहे, तो पाहून ढोकीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला आपली कैफियत दाखल करणे भागच आहे.

मोटारवेडाच्या बाकी तऱ्हांचा निकाल आधीच लावतो. पद्मिनी मोटारीच्या आठवणींचे उमाळे केव्हाच दप्तरी दाखल झाले. टाटांच्या सिएराचा 2025 मधला पुनर्जन्म म्हणजे 1991 च्या मूळ गाडीच्या देखण्या काचेचे श्राद्ध होय. सायलेन्सर फोडून आवाजालाच शक्ती समजणाऱ्यांचा समाचार पोलीस घेतातच.

विचारात घ्यावी अशी परंपरा एकच, ती माणसे आणि पोती एकत्र वाहणाऱ्या गाडीची. 2000 साली आलेली महिंद्रांचीच बोलेरो हे तिचे सर्वांत परिणत रूप. तिची 75 अश्वशक्ती ऐकून शहरी रसिक नाक मुरडतो, परंतु 210 न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला 1600 फेऱ्यांपासूनच हाती येतो, हे त्याच्या गावीही नसते. पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून निघताना दुसऱ्या गिअरात, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श होताच, ती जी संथ आणि अखंड ओढ घेते, तिच्यात इंजिनाचे खरे चारित्र्य प्रकट होते. जुन्या 2523 सीसीच्या डीआय इंजिनाने डिझेल संपून हवा घेतली, तर रस्त्यावरचा मिस्त्री पान्याने नळीचा बोल्ट सैल करतो, हातपंप मारीत राहतो, फेस सरून निखळ डिझेल ओघळू लागले की बोल्ट आवळतो, आणि गाडी सुरू होते. यंत्राने आपले अंतरंग गावच्या मिस्त्रीपुढे असे मोकळे करावे, यास मी रचनेतील सभ्यता म्हणतो. आकाराविषयी म्हणाल तर, गळीत हंगामात तेरणा कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमधून जाताना बोनेटचे दोन्ही कोपरे चालकाच्या नजरेत राहतात. तिच्या चौकोनी अंगलटीचे याहून मोठे समर्थन मला नको.

तिचेच नाव लावणाऱ्या बोलेरो निओला 2024 मध्ये ग्लोबल एनकॅपने अपघात-चाचणीत एकच तारा दिला, हे दूषण मान्य. बीई 6 ला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत, हेही मान्य. पण ते तारे पोलादाचे आणि एअरबॅगांचे आहेत, पडद्यांचे नव्हेत! तेच पोलाद कष्टाच्या गाडीला घालण्यास कोणी मनाई हुकूम काढला होता? महिंद्रांच्याच एक्सईव्ही 9ई मध्ये मात्र 12.3 इंचांचे तीन पडदे, त्यांतील एक केवळ शेजारी बसणाऱ्याच्या करमणुकीसाठी. आणि कष्टाच्या गाडीला एक तारा, चैनीच्या गाडीला तीन पडदे, या वाटणीवर समीक्षकांनी बिनतक्रार शिक्कामोर्तब केले. त्यांनी एकदा जून महिन्यात ढोकी-तेरच्या शिवारातील पाणंदीवर यावे, मागे चार पोती खत घालावे, स्टॉपवॉच खिशात ठेवावे आणि मग खुशाल गुण द्यावेत.