वैतागाची पारख : प्रचलित मराठीतील खटकणाऱ्या शब्दप्रयोगांचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

मराठी माणूस आपल्या भाषेविषयी जितका हळवा आहे, तितकाच चिडखोरही आहे. वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे असोत, प्राध्यापक-कक्षातील गप्पा असोत किंवा साहित्य संमेलनातील परिसंवाद असोत, 'कानाला खटकणाऱ्या' शब्दांची यादी सर्वत्र तयार असते. 'या ठिकाणी', 'च्या माध्यमातून', 'खऱ्या अर्थाने', 'माझी मदत कर', 'मी येईल', 'सदर प्रकरणी', 'योग्य ती कार्यवाही' हे त्या यादीतील नेहमीचे मानकरी होत. ही तक्रार आजची नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हाच तिच्या आरंभीचा विषय होता. माधव जूलियन यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे किमान दीड शतक हा वैताग अखंड चालू आहे.

तथापि वैताग ही केवळ प्रतिक्रिया आहे; तिला समीक्षेचे मोल आपोआप प्राप्त होत नाही. एखादा शब्दप्रयोग खटकतो तेव्हा तो का खटकतो, कोणाला खटकतो आणि त्याने कोणाचे नुकसान होते, हे तपासावे लागते. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य यांनी संस्कृतज्ञ शिष्यांजवळ मराठीचाच आग्रह धरला, त्यामागचे कारण परंपरेने जपून ठेवले आहे : संस्कृताचा अवलंब झाला तर पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. भाषेची निवड करताना ऐकणाऱ्याचे काय जाते, हा विचार येथे केंद्रस्थानी आहे. प्रस्तुत लेखात हीच कसोटी लावून आजच्या वैतागाचे प्रकार वेगळे करण्याचा प्रयत्न केला आहे.

नवेपणाचा वैताग :

पहिला प्रकार नव्या शब्दाविषयीच्या नावडीचा आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६२ मध्ये शासकीय पदांच्या मराठी नावांचा 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्याची बरीच टिंगल झाली. आचार्य अत्रे यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटल्याची आठवण आजही सांगितली जाते. परंतु सचिव, संचालक, आयुक्त, अधीक्षक, अभियंता ही पदनामे आज कोणालाही अडत नाहीत. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी सुचविलेल्या 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' या शब्दांचीही हीच कथा आहे. मूळ योजना कोणाची, हे ठाऊक नसतानाही लोक ते शब्द सहज वापरतात.

याचा अर्थ घडविलेला प्रत्येक शब्द रुळतो, असा नव्हे. 'अग्निरथगमनागमनदर्शक' छापाचे शब्द विनोदापुरतेच उरले आणि आगगाडीच्या फलाटावर 'सिग्नल' कायम राहिला. वापरणाऱ्यांनी उपयुक्त ते ठेवले, अवजड ते टाकले. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही हाच न्याय लागू आहे. 'टेबल', 'पेन', 'तिकीट', 'स्टेशन' यांनी मराठीचे काही बिघडविले नाही. त्यांना मराठी प्रत्यय लागले, लिंगे मिळाली आणि ते घरचे झाले. नवेपणाचा वैताग हा बहुधा एका पिढीचा पाहुणा असतो. काळच त्याचे निराकरण करतो. म्हणून त्यावर फार शक्ती खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

बोलीचा वैताग :

दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. 'पाणी' ऐवजी 'पानी', 'पुस्तक मिळाले' ऐवजी 'पुस्तक भेटले', 'मी येईन' ऐवजी 'मी येईल', 'जातो आहे' ऐवजी 'जाऊन राहिलो' असे ऐकताच सुशिक्षित श्रोत्याच्या कपाळावर आठी उमटते. यांपैकी बहुतेक रूपे विदर्भ, खानदेश, मराठवाडा अशा निरनिराळ्या प्रदेशांतील बोलींमध्ये नित्य वापरात आहेत. 'जाऊन राहिलो' ही वऱ्हाडी-नागपुरी परिसरातील नियमबद्ध रचना असून चालू क्रिया दाखविण्याचे काम ती चोख बजावते. ऐकणाऱ्याची त्यात कोणतीही फसगत होत नाही.

मग खटकते ते काय? येथे आक्षेप वरकरणी व्याकरणाचा असला, तरी त्याचा रोख पुष्कळदा बोलणाऱ्याच्या गावाकडे, जातीकडे आणि शाळेकडे असतो. महाविद्यालयात प्रथम पिढीतील विद्यार्थी परिसंवादात उभा राहतो आणि त्याच्या पहिल्याच वाक्यातील 'न' ऐकून मागच्या बाकावर हसू फुटते, तेव्हा त्याचा मुद्दा ऐकलाच जात नाही. नागदेवाचार्यांच्या कसोटीने पाहता येथे नुकसान बोलीमुळे होत नसून तिच्याविषयीच्या वैतागामुळे होते. लेखनासाठी प्रमाणभाषा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे; परंतु शिकविणे आणि हिणविणे यांत अंतर आहे.

'माझी मदत कर' सारख्या हिंदी वळणाच्या रचनांचा विचार मात्र थोडा निराळा करावा लागतो. मराठीत 'मला मदत कर' ही स्वतंत्र घडण असताना हिंदीची घडण उचलल्याने भाषेच्या अंगभूत फरकांची झीज होते. तिच्याविषयी सावध करणे योग्यच. पण ती झीज आहे, अपराध नव्हे.

भरतीच्या शब्दांचा वैताग :

तिसरा प्रकार भरतीच्या शब्दांचा आहे. २००७ च्या सुमारास चोवीस तास चालणाऱ्या खाजगी मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि थेट प्रक्षेपणाची एक स्वतंत्र बोली तयार झाली. 'या ठिकाणी आपण पाहू शकता, मोठ्या प्रमाणावर गर्दी या ठिकाणी पाहायला मिळते आहे' या वाक्यात 'गर्दी आहे' एवढाच आशय आहे. पडद्यावर गर्दी दिसतच असते, त्यामुळे तेवढ्याचीही गरज नसते. राजकीय भाषणातील 'त्या ठिकाणी', 'कुठेतरी', 'निश्चितपणे', 'खऱ्या अर्थाने' हे याच कुळातले.

या शब्दांना एक काम आहे, हे मान्य केले पाहिजे. समोर लेखी मजकूर नसताना, कॅमेरा चालू असताना, पुढचे वाक्य जुळेपर्यंत वेळ काढणे भाग असते. कीर्तनकार, शाहीर आणि वर्गातील शिक्षक यांनाही अशी विरामस्थळे लागतात. बोलण्यातील भरती म्हणूनच क्षम्य आहे. आक्षेप सुरू होतो तो ही भरती छापील मजकुरात उतरते तेव्हा. लेखकाजवळ विचाराला अवधी असताना 'च्या माध्यमातून' लिहिले जाते, त्या वेळी 'ने', 'मुळे', 'द्वारा', 'मार्फत', 'वरून' हे सर्व छोटे, नेमके पर्याय एकाच जाड शब्दाखाली गाडले जातात. 'योजनेच्या माध्यमातून विहीर झाली' या वाक्यात योजनेने पैसा दिला, मंजुरी दिली की नुसते नाव दिले, हे समजत नाही. संदिग्धतेचा शिरकाव येथूनच होतो.

ग्रंथपरीक्षणेही या दोषातून सुटलेली नाहीत. 'वाचकाला अंतर्मुख करणारी', 'वेगळ्या वाटेवरची', 'संग्रही असावी अशी' ही विशेषणे कोणत्याही पुस्तकाला चिकटविता येतात. म्हणून ती कोणत्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत.

परिभाषा आणि परिभाषेचे सोंग :

परिभाषेविषयी सरसकट तक्रार करणे हा आणखी एक गैरसमज होय. शेतकरी 'वाफसा' म्हणतो तेव्हा जमीन ना चिखल ना कोरडी, मशागतीला व पेरणीला योग्य अशा ओलाव्याची आहे, हे तो एका शब्दात सांगतो. 'सात-बारा' हाही मुळात दफ्तरी शब्द. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्याला केवळ आकड्यांचे नाव पडले. परंतु हा शब्द ऐकून कोणी वैतागत नाही, कारण त्यात काय लिहिलेले असते आणि त्यावर आपले काय अवलंबून आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. खरी परिभाषा कमी शब्दांत अधिक सांगते.

परिभाषेचे सोंग याच्या उलट वागते. उच्च शिक्षणक्षेत्रातील अहवालांत याचे नमुने विपुल आढळतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मूल्यांकनाबरोबर इंग्रजी व्यवस्थापनशास्त्रातील शब्दांचा एक ओघ महाविद्यालयांत आला. 'स्टेकहोल्डर' साठी अनेक अहवालांत 'भागधारक' लिहिले जाते. वस्तुतः भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर बाळगणारा. विद्यार्थी आणि पालक हे महाविद्यालयाचे भागधारक ठरले, तर शिक्षणसंस्था ही नफ्याची वाटणी करणारी कंपनी ठरते. 'विद्यार्थी, पालक, शिक्षक व कर्मचारी' असे लिहिण्याने जागा थोडी अधिक लागते, पण कोणाविषयी बोलले जात आहे हे कळते.

शब्दाची चुकीची निवड किती खोल जाऊ शकते, याचे उदाहरण २०२० मधील करोना साथीने दिले. 'सोशल डिस्टन्सिंग' चे 'सामाजिक अंतर' हे शब्दशः भाषांतर सूचनाफलकांवर झळकले. ज्या समाजाने शतकानुशतके जातीच्या नावाखाली माणसामाणसांत अंतर राखले, तेथे हे दोन शब्द निरागस राहू शकत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये 'शारीरिक अंतर' या अर्थाच्या संज्ञेला पसंती दिली. येथे वैतागलेल्यांचा आक्षेप केवळ अभिरुचीचा नव्हता. त्याला इतिहासाचा आधार होता.

कर्ता लपविणारी भाषा :

सर्वांत कमी चर्चा होते ती मात्र सर्वांत घातक प्रकाराची. 'सदर प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' हे वाक्य कार्यालयाच्या उंबरठ्यावर गेलेल्या प्रत्येक नागरिकाने वाचलेले असते. लोक त्यातील 'सदर' या शब्दावर हसतात. वास्तविक 'सदर', 'सबब', 'अन्वये' हे जुन्या दफ्तराचे निरुपद्रवी अवशेष आहेत. दोष आहे तो 'करण्यात येत आहे' मध्ये. कोण करीत आहे? कोणता नियम? योग्य म्हणजे काय? केव्हापर्यंत? चारही प्रश्न अनुत्तरित ठेवून वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होते.

मराठीची स्वाभाविक घडण अशी नाही. 'लिपिकाने अर्ज परत केला' या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग आहे. तरीही 'ने' प्रत्यय घेऊन कर्ता वाक्यात ठामपणे उभा असतो. म्हणजे मराठीचा नित्याचा कर्मणी प्रयोग कर्त्याला हाकलून देत नाही. इंग्रजी मसुद्यांच्या सावलीत वाढलेली '-ण्यात येणे' ही रचना तेवढे काम करते : 'अर्ज परत करण्यात आला'. 'निदर्शनास आले आहे', 'विचाराधीन आहे', 'कळविण्यात येते' या तिच्या बहिणी होत.

कार्यालयाचा निर्णय व्यक्तीचा नसून पदाचा असतो, म्हणून कर्ता गाळणे उचित, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहून खाली अधिकाऱ्याचे नाव व पदनाम येते. पदाला कर्ता मानण्यास शासकीय भाषा समर्थ आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

याहून महत्त्वाचा आधार कायद्याचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. माहिती नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध यांविषयी २००५ मध्ये जो अधिनियम केला, त्यानुसार कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि कालमर्यादा ठरविण्याची व्यवस्था केली. म्हणजे कायदा कर्ता, कारण आणि मुदत मागतो. पत्राची भाषा नेमक्या याच तीन गोष्टी गाळते. 'प्रकरण विचाराधीन आहे' असे उत्तर मिळालेल्या विधवेला अपील कोणाविरुद्ध करावे, हेच उमगत नाही.

याच आशयाचे सरळ पत्र लिहिणे अवघड नाही : 'तुमचा अर्ज १२ जूनला मिळाला. त्यासोबत मृत्यूचा दाखला नाही. तो आणून दिल्यावर मंडळ अधिकारी फेरफाराच्या नोंदीबाबत निर्णय घेतील.' या तीन वाक्यांत एकही अलंकार नाही आणि एकही पळवाट नाही. कदाचित म्हणूनच ती लिहिली जात नाहीत.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, खटकणारे सर्व शब्दप्रयोग एका मापाने मोजणे न्याय्य नाही. नव्या शब्दाचा वैताग काळ विझवितो. बोलीचा वैताग वैतागणाऱ्यानेच आवरावा लागतो. भरतीचे शब्द बोलण्यात सोसावेत, लेखनात छाटावेत. परिभाषा जाणणाऱ्याला उपयोगी पडते तोवर तिचे स्वागत करावे आणि ती सोंग आणू लागली की तिला प्रश्न विचारावा. परंतु कर्ता, कारण आणि मुदत लपविणाऱ्या वाक्याविषयी मात्र सहनशील राहण्याचे कारण नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, ही आनंदाची बाब होय. अभिजाततेचा पुरावा प्राचीन ग्रंथांत शोधला गेला. तिची रोजची परीक्षा मात्र तहसील कार्यालयाच्या खिडकीवर होत असते. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी व्यावहारिक मराठीच्या तासाला 'सदर' आणि 'उपरोक्त' यांचे पाठांतर करून घेण्याऐवजी एखादे कार्यालयीन पत्र समोर ठेवावे आणि त्यातील प्रत्येक '-ण्यात येते' खाली रेघ मारून 'कोण?' असा एकच प्रश्न विद्यार्थ्याला विचारावा. मराठी माणसाची चिडखोर वृत्ती या एका प्रश्नाकडे वळली, तर दीड शतकांचा वैताग सार्थकी लागेल.