वस्तीचे नाव आणि विनोदी नटाची कोंडी

'सोनी मराठी' वाहिनीवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमाची चर्चा बहुधा त्यातील प्रहसनांच्या लेखनाभोवती फिरते. तरुण नटाचा झगडा तीत दुर्लक्षित राहतो. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेले गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून लोकप्रिय झाले. मराठी विनोदात चाळ आणि वाडा पुष्कळ आले. परंतु कष्टकरी वस्तीचे नाव एखाद्या नटाने बिरुदासारखे मिरवावे, हे विरळाच. ही त्यांची खरी मिळकत होय. मात्र ते नाव, विस्कटलेले केस आणि प्रवेशाचा ठरलेला थाट यांवरच हशा पिकू लागला की संहितेतील पात्र बदलते, नट तोच राहतो. स्वतःची वस्ती मिरवणे आणि तिच्यावर हसू देणे यांतील सीमारेषा मग त्याच्या हाती उरत नाही.

'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके एकाच वगात प्रयोगागणिक भर घालीत. प्रेक्षक समोर असे. येथे संहिता सतत नवी, आणि घरच्या प्रेक्षकाआधी परीक्षक हसून मोकळे होतात! मोरे यांनी २०२४ मध्ये हा कार्यक्रम सोडला. त्याच वर्षी ते 'मॅडनेस मचाएंगे' या हिंदी कार्यक्रमात दिसले. तेथील प्रेक्षकाला फिल्टरपाडा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.